अडतीस टन युरेनियम आणि तारापूरचा किनारा

२४ सप्टेंबर १९८० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे एक ठराव मताला आला. भारताला ३८ टन समृद्ध युरेनियम पाठवू नये, असे त्या ठरावाचे म्हणणे होते. मे महिन्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने हे युरेनियम पाठवण्याचा परवाना एकमताने नाकारला होता. जूनमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वतःच्या अधिकारात तो मंजूर केला. मग प्रतिनिधी सभागृहाने २९८ विरुद्ध ९८ अशा भक्कम बहुमताने कार्टर यांना विरोध केला. आता सगळे सिनेटवर अवलंबून होते. तिथे ठराव ४८ विरुद्ध ४६ मतांनी पडला आणि युरेनियमची वाट मोकळी झाली.

हा माल जाणार होता तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर तालुक्यात. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेने गेले की चिंचणी, तारापूर, घिवली, अक्करपट्टी, पोफरण ही गावे लागायची. मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, मांगेला मच्छीमारांच्या, वाडवळ आणि भंडारी बागायतदारांच्या या पट्ट्यात देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे होते. मुंबईतले कारखाने आणि गुजरातमधल्या गिरण्या ज्या विजेवर चालत, त्यातली काही शेकडो मेगावॅट वीज परदेशातल्या दोन मतांच्या फरकावर टांगलेली होती.

केंद्र सरकारने २०४७ पर्यंत अणुवीज १ लाख मेगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. आज ही क्षमता ९ हजार मेगावॅटच्या आत आहे आणि देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा जेमतेम ३ टक्के. म्हणजे दोन दशकांत दहापटीहून मोठी झेप घ्यायची आहे. ही झेप घ्यायला हवी, असेच या लेखाचे मत आहे. पण वीज स्वच्छ असणे वेगळे आणि ती हमखास मिळत राहणे वेगळे. हा फरक भारताला कुठे कळला असेल तर तो तारापूरच्या किनाऱ्यावर, आणि तोही बरीच किंमत मोजून.

तारापूरला त्याआधीचाही इतिहास आहे. इथे पोर्तुगीजांचा किल्ला होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि त्याच लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढची दोनशे वर्षे हा भाग शांतपणे जगला. समुद्रात मासेमारी, खाडीकाठी शेती, घरोघरी दागिन्यांचे साचे म्हणजे 'डाय' बनवण्याचा कारागिरीचा धंदा, आणि थोड्या उत्तरेला डहाणूच्या चिकूच्या वाड्या. अणुवीज केंद्रासाठी हीच जागा निवडण्यामागे इतिहास नव्हता, कोळसा होता. खरे तर कोळशाचे अंतर होते.

पश्चिम भारतात उद्योग वाढत होते, पण दगडी कोळसा होता तो बिहार-बंगालकडे आणि मध्य प्रदेशात. शेकडो मैलांवरून वॅगनी भरून आणायच्या म्हणजे रेल्वेचे भाडेच विजेच्या दरात जाऊन बसायचे. मुंबईला खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांचा आणि नंतर कोयनेचा आधार होता. पण त्या आधारालाही मर्यादा होत्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, वीजकेंद्र बंद पडले आणि त्याचा फटका थेट मुंबईला बसला. त्या वेळी तारापूरचे बांधकाम चालू होते. मुंबई आणि गुजरात या दोन्ही बाजारांच्या मधोमध, खाली कातळ आणि बाजूला थंड करण्यासाठी हवे तेवढे समुद्राचे पाणी, अशी ही जागा होती. अभियंत्यांच्या हिशेबाने तिच्यात खोट नव्हती. तिथे राहणाऱ्या माणसांचा हिशेब मात्र त्या कागदांत फारसा आला नाही.

या साऱ्यामागे होमी भाभा होते. १९४५ मध्ये मुंबईत त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला आणि १९५४ मध्ये तुर्भ्याला आज 'बीएआरसी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्राची सुरुवात झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथली 'अप्सरा' ही भट्टी सुरू झाली. सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. भाभांचा दीर्घ आराखडा तीन टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्यात देशातल्या नैसर्गिक युरेनियमवर जड पाण्याच्या भट्ट्या चालवायच्या, दुसऱ्या टप्प्यात त्यातून निघालेल्या प्लुटोनियमवर जलद भट्ट्या, आणि शेवटी केरळ-तमिळनाडूच्या वाळूत मुबलक असलेल्या थोरियमकडे जायचे. भारताकडे युरेनियम थोडे आणि थोरियम भरपूर, या वस्तुस्थितीवर हा आराखडा उभा होता, आणि परदेशावर अवलंबून राहायचे नाही हे त्याचे सूत्र होते.

मग पहिलेच वीजकेंद्र नेमके उलट्या प्रकारचे का घेतले? कारण भाभांना लवकर काहीतरी सिद्ध करून दाखवायचे होते. अणुवीज व्यापारी दरात मिळू शकते, भारतीय ग्रिडवर चालू शकते आणि भारतीय माणसे ती चालवू शकतात, हे. त्या वेळी अमेरिकी कंपन्या समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या, साध्या पाण्याच्या भट्ट्या स्वस्तात आणि झटपट द्यायला तयार होत्या. जागतिक निविदा निघाल्या आणि काम जनरल इलेक्ट्रिककडे गेले. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात ३० वर्षांचा करार झाला. तारापूरला लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकाच देणार, आणि भारत ते फक्त अमेरिकेकडूनच घेणार. प्रकल्पासाठी ८ कोटी डॉलरचे अमेरिकी कर्ज मिळाले, तेही पाऊण टक्का व्याजाने. त्या काळी परकीय चलनासाठी पै-पै जमवणाऱ्या देशाला असा सौदा नाकारणे अवघडच होते.

ऑक्टोबर १९६४ च्या सुमारास काम सुरू झाले. स्वतः भाभा केंद्र सुरू झालेले पाहू शकले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी युरोपात माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला. फेब्रुवारी १९६९ मध्ये तारापूरच्या दोन्ही भट्ट्यांत अणुविखंडनाची साखळी सुरू झाली, २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. प्रत्येकी २१० मेगावॅटचे हे दोन संच त्या काळी देशातल्या सर्वांत मोठ्या वीजसंचांपैकी होते. जपानमधल्या फुकुशिमाच्या पहिल्या संचाने १९७१ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. तारापूर त्याच्याही आधीचे.

आता भट्टीच्या आत डोकावायला हवे, कारण पुढची बरीच कथा तिथे घडते. तारापूरची भट्टी 'उकळत्या पाण्याची' आहे. जाड पोलादी पात्रात इंधनाचे २८४ जुडगे उभे असतात आणि प्रत्येक जुडग्यात सहा-सहा नळ्यांच्या सहा रांगा. नळीत युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या वड्या एकावर एक रचलेल्या असतात. या युरेनियममध्ये विखंडन होणारा घटक निसर्गात ०.७ टक्का असतो. तारापूरला तो वाढवून २ टक्क्यांच्या आसपास नेलेला लागतो. वाढवण्याची ही क्रिया म्हणजेच समृद्धीकरण, आणि त्या काळी ती मोजक्या देशांच्याच हातात होती. नळ्यांभोवतीचे पाणी उकळते आणि तीच वाफ सरळ टर्बाइनकडे जाते.

या शेवटच्या वाक्यातच तारापूरच्या कामगारांची डोकेदुखी होती. इंधनाच्या एखाद्या नळीला बारीक चीर गेली की किरणोत्सारी द्रव्य वाफेबरोबर पाइपांत, झडपांत, टर्बाइनपर्यंत पसरते. सुरुवातीच्या वर्षांत अशा चिरा बऱ्याच पडल्या. शिवाय या जुन्या आराखड्यात वाफेचा काही भाग दुय्यम बाष्पजनित्रांतून घेतला जाई आणि त्यांच्या नळ्या गळू लागल्या. गळकी नळी शोधून ती बंद करायची म्हणजे माणसाने अरुंद, तापलेल्या, विकिरणाच्या जागेत शिरायचे, छातीवरच्या मापकावर डोस पाहत काही मिनिटे काम करायचे आणि बाहेर येऊन दुसऱ्याला आत पाठवायचे. एकेका दुरुस्तीसाठी माणसांच्या रांगा लागत. आज विकिरणाच्या मर्यादा बऱ्याच कडक आहेत. पण देशाची अणुवीज पहिल्या दशकात कोणाच्या अंगावरून गेली, याची नोंद या इतिहासात ठळक असायला हवी. शास्त्रज्ञांची नावे पाठ असलेल्या आपल्या समाजाला तारापूरच्या फिटरची, वेल्डरची, कंत्राटी मजुराची आठवण क्वचितच होते.

ती बाष्पजनित्रे शेवटी बाजूला काढावी लागली. १९८० च्या दशकात दोन्ही संचांची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आणण्यात आली. कागदावर ते नुकसान दिसते. पण अमेरिकी कंपनीने उभारलेले यंत्र भारतीय अभियंते स्वतः उघडत होते, स्वतः दुरुस्त करत होते, आणि सुटे भाग बाहेरून मिळत नव्हते तेव्हा ते इथेच बनवत होते. ही शाळा दुसरीकडे कुठे मिळाली नसती.

सुटे भाग का मिळत नव्हते? त्यासाठी १८ मे १९७४ कडे जावे लागते. पोखरणच्या अणुचाचणीनंतर कॅनडाने आपल्या मदतीने उभ्या राहणाऱ्या राजस्थानच्या अणुप्रकल्पातून अंग काढून घेतले. अमेरिकेने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला: ज्या देशाच्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख नाही, त्याला इंधन नाही. भारताला ही अट मान्य नव्हती. तारापूरवर देखरेख होतीच, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे येत होते. पण १९६३ मध्ये दिलेला शब्द १९७८ च्या कायद्याने मोडायचा, हे भारताला पटणारे नव्हते. त्यातूनच सुरुवातीला सांगितलेले १९८० चे मतदान उभे राहिले. ३८ टनांची परवानगी मिळाली, पण पुढचे मिळणार नाहीत हे त्याच दिवशी स्पष्ट झाले.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे तारापूरचे इंधन म्हणजे परराष्ट्र खात्याचा कायमचा विषय होता. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रोनाल्ड रेगन यांच्यात तोड निघाली: अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन पुरवावे, करार तोच चालू ठेवावा. फ्रान्सने १९९३ पर्यंत पुरवले. मूळ कराराची मुदत त्या वर्षी संपली आणि फ्रान्सही थांबला. १९९५ मध्ये चीनने युरेनियम दिले. ज्या शेजाऱ्याशी १९६२ मध्ये युद्ध झाले, त्याच्या इंधनावर मुंबईजवळची भट्टी चालली. २००१ मध्ये रशिया पुढे आला, तेव्हा अणुपुरवठादार देशांच्या गटातल्या अनेकांनी नाराजी दाखवली. २००६ मध्ये रशियाने पुन्हा मदत केली. मधल्या काळात भारतीय शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम आणि युरेनियमच्या मिश्र ऑक्साइडचे काही जुडगे तयार करून तारापूरच्या भट्टीत घालून पाहिले, की समृद्ध युरेनियम अगदीच तुटले तर काय करता येईल. प्रत्येक वेळी एखादी तडजोड निघाली आणि भट्टी बंद पडली नाही. पण चारचार देशांच्या दारात उभे राहून चालणाऱ्या केंद्राला ऊर्जासुरक्षा म्हणता येत नाही.

वापरलेल्या इंधनाचा प्रश्न त्याहून चिवट ठरला. भाभांच्या आराखड्यात वापरलेले इंधन म्हणजे कचरा नव्हे, पुढच्या टप्प्याचा कच्चा माल. त्यासाठी तारापूरलाच पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभारला गेला. पण करारानुसार अमेरिकी इंधनावर प्रक्रिया करण्यासाठी अमेरिकेची संमती लागणार होती, आणि ती कधी आली नाही. अमेरिकेने ते इंधन परतही नेले नाही. तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत वापरलेले जुडगे साचत गेले, टाक्यांतली मांडणी दाट करावी लागली, साठवणीसाठी वेगळी जागा बांधावी लागली. परदेशी इंधनाचा करार करताना येणाऱ्या इंधनाइतकाच जाणाऱ्या इंधनाचाही विचार करावा लागतो, हे त्या वेळच्या करारकर्त्यांना पुरेसे कळले नव्हते.

दरम्यान, कॅनडाने माघार घेतल्यावर राजस्थानचा दुसरा संच भारतीयांनी पूर्ण केला. १९८३ मध्ये कल्पक्कमचा पहिला संच सुरू झाला तो संपूर्ण देशी बांधणीचा. जड पाण्याचे कारखाने उभे राहिले, त्यातला एक रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळला. १९८७ मध्ये न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन स्थापन झाले. या सगळ्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले अनिल काकोडकर आणि कल्पक्कमच्या जलद भट्टीच्या कामाचे नेतृत्व करणारे कोल्हापूर जिल्ह्यातले शिवराम भोजे ही त्यातली दोन नावे.

आणि मग तारापूरच्याच किनाऱ्यावर, जुन्या केंद्राशेजारी, ८ मार्च २००० रोजी तिसऱ्या-चौथ्या संचांचे पहिले काँक्रीट पडले. प्रत्येकी ५४० मेगावॅटचे, जड पाण्याचे, नैसर्गिक युरेनियमवर चालणारे आणि पूर्ण देशी आराखड्याचे. तोवर भारताने २२० मेगावॅटपेक्षा मोठा संच स्वतः बांधला नव्हता. चौथा संच आधी तयार झाला. मार्च २००५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांच्या आत, त्याची भट्टी सुरू झाली, आणि तिसऱ्याची २००६ मध्ये. जगात कुठेही अणुवीज केंद्र पाच वर्षांत उभे करणे ही मोठी कामगिरी मानली जाते. भारतीय अणुविजेच्या इतिहासात अभिमानाने सांगावे असे काही प्रसंग आहेत, त्यात हा वरच्या ओळीत बसतो.

याच संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली.

गाव उठणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसालाच कळते. मच्छीमाराला घराच्या बदल्यात घर दिले तरी होडी ओढायला वाळू लागते, मासळी सुकवायला मोकळी जागा लागते, भरती-ओहोटी दारातून दिसावी लागते. पुनर्वसनाच्या वसाहती आत, समुद्रापासून दूर झाल्या. घरांचा दर्जा, जमिनीच्या बदल्यात जमीन, नोकऱ्या, सुविधा या साऱ्यांवरून वाद झाले आणि ते मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या. प्रकल्प पाच वर्षांत उभा राहिला. त्याच्यासाठी उठलेल्या माणसांची गाऱ्हाणी त्याच्या कितीतरी पटीने जास्त काळ टिकली. शेजारच्या घिवली-दांडीच्या मच्छीमारांना केंद्राजवळच्या पाण्यात जाण्यावर बंधने आली. तारापूरची वीज तर सगळीच ग्रिडमध्ये जाते. गावाच्या वाट्याला ती वेगळी अशी येत नाही.

ज्या अभियंत्यांनी ५४० मेगावॅटचा संच पाच वर्षांत उभा केला, त्यांच्या देशाला दोन गावे नीट वसवता येत नव्हती, असे म्हणता येणार नाही. त्या कामाला तेवढे महत्त्व दिले गेले नाही, एवढेच. याच पट्ट्यात आता डहाणूजवळ वाढवण बंदराचे काम हाती घेतले आहे, आणि तिथल्या मच्छीमारांच्या व डायमेकरांच्या विरोधामागे तारापूरचा अनुभव आहे, हे कोणीही ओळखू शकेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरची कथाही इथूनच समजून घ्यावी लागते. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या भागात फ्रेंच बनावटीचे १,६५० मेगावॅटचे सहा संच उभारायचे ठरले. सगळे मिळून ९,९०० मेगावॅट, म्हणजे जगातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्र. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सशी प्राथमिक करार झाला. तीन महिन्यांतच, ११ मार्च २०११ रोजी, जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीने फुकुशिमाच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. एप्रिलमध्ये साखरीनाटे इथे आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. त्यानंतर बैठका झाल्या, प्रस्ताव आले, दरावर चर्चा झाल्या. भट्टी अजून उभी राहिलेली नाही. दरम्यान फ्रान्समध्ये याच प्रकारचा फ्लामाव्हिलचा संच, ज्याचे बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले, तो ग्रिडला जोडला गेला डिसेंबर २०२४ मध्ये. ज्या आराखड्याला त्याच्या मायदेशात सतरा वर्षे लागली, त्यावर कोकणाची वीज अवलंबून ठेवण्याआधी फार विचार व्हायला हवा.

फुकुशिमानंतर तारापूरच्या जुन्या दोन संचांकडे सगळ्यांचे लक्ष गेले, आणि ते स्वाभाविक होते. बनावट त्याच कंपनीची, काळही तोच. २००५-०६ मध्येच हे संच दीर्घकाळ बंद ठेवून मोठ्या सुधारणा केल्या होत्या: दोन्ही संचांत सामायिक असलेल्या यंत्रणा वेगळ्या केल्या आणि आणीबाणीसाठी नवे डिझेल जनित्र बसवले. फुकुशिमानंतर बाहेरून पाणी सोडता यावे यासाठी जोडण्या वाढवल्या. २०२० पासून हे दोन्ही संच पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आले आणि पाणी खेळवणारी जुनी पाइपलाइन बदलण्याचे काम हाती घेतले गेले. पन्नाशी ओलांडलेल्या भट्टीचे आयुष्य वाढवायचे की तिला निवृत्त करायचे, हा निर्णय नियामकाने उघडपणे, कारणे सांगून घ्यायला हवा. भारताचे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, पण ते ज्यावर लक्ष ठेवते त्याच खात्याशी बांधलेले आहे, ही टीका जुनी आहे आणि ती रास्त आहे.

इतके सगळे असूनही अणुवीज का? कारण देशाची जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर निघते. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या 'आयपीसीसी' या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या हिशेबाने कोळशाच्या विजेत युनिटमागे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अणुविजेत, खाणीपासून भट्टी मोडीत काढेपर्यंतचा सगळा हिशेब धरून, १२ ग्रॅम. सूर्य मावळल्यावर आणि वारा पडल्यावरही भट्टी चालते. कर्नाटकातल्या कैगाचा पहिला संच २०१८ अखेर सलग ९६२ दिवस न थांबता चालला. आणि तारापूरच्या जुन्या संचांनी कित्येक वर्षे युनिटला एक रुपयाच्या आसपास वीज दिली. महाराष्ट्राच्या वीजदरांशी तुलना केली तर ही रक्कम किती लहान आहे हे कोणत्याही घरच्या बिलावरून कळते.

तारापूरच्या अनुभवातून देश काही शिकला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ ते २००८ या काळात अमेरिकेशी जो अणुकरार झाला, त्यात भारताने हट्टाने एक कलम मागितले: भट्टीच्या पूर्ण आयुष्याला पुरेल असा इंधनाचा राखीव साठा करण्याची मुभा. मार्च २००६ च्या कागदांत ते नोंदले गेले. त्या वाटाघाटींत काकोडकर होते, आणि या कलमामागे १९८० चे ते मतदान स्पष्ट दिसते. २००७-०८ मध्ये देशी युरेनियम कमी पडून अनेक भट्ट्या निम्म्या क्षमतेने चालवाव्या लागल्या होत्या. सप्टेंबर २००८ मध्ये पुरवठादार गटाने सूट दिल्यावर कझाकस्तान, रशिया, फ्रान्स इथून युरेनियम येऊ लागले आणि भट्ट्या पुन्हा भरून चालू लागल्या.

आता गाडी वेगाने पुढे निघाली आहे. ५४० मेगावॅटचा तारापूरचा आराखडा वाढवून ७०० मेगावॅटचे संच तयार झाले. गुजरातेत काक्रापारचे दोन आणि राजस्थानचा एक वीज देऊ लागले. तरी काक्रापारच्या पहिल्या ७०० मेगावॅटच्या संचाला २०१० ते २०२३ एवढा काळ लागला, म्हणजे तारापूरचा वेग पुन्हा गाठता आलेला नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये ठेवले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा मागे सारला आणि या क्षेत्रात खासगी कंपन्यांना वाट करून दिली. पैसा येईल, तंत्रज्ञान येईल. परदेशी बनावटीच्या भट्ट्यांबरोबर समृद्ध इंधनाचे परदेशी करारही पुन्हा येतील. म्हणजे तारापूरचे जुने प्रश्न दहापट मोठे होऊन समोर येतील.

म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपल्या आमदार-खासदारांना एवढे तरी विचारावे. पुढच्या प्रत्येक अणुकेंद्रासाठी साठ वर्षांचे इंधन कुठून येणार आणि वापरलेले कुठे जाणार, हे करारावर सही होण्याआधी सभागृहात मांडा. आणि पहिले काँक्रीट पडण्याआधी उठणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या नावे नव्या जागेचा सातबारा आणि मच्छीमाराला किनाऱ्याचा हक्क लेखी द्या. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांच्या वेळी हे दुसरे काम आधी झाले नाही, आणि त्याची किंमत अक्करपट्टी-पोफरणच्या माणसांनी मोजली.